आप्पांनी सोडलेला शॉट

सर्जेराव कोळेकर यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती एका जळालेल्या मोटारीपायी. साल ब्याण्णव. मी बारामतीचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून कन्हेरीला घरी बसलो होतो. विहिरीवरची मोटार जळाली आणि वडिलांनी ती ट्रॉलीत टाकून मला जळोचीला पाठवलं. तिथं रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये सर्जेरावांचं मोटारीत नवी तार भरायचं दुकान. फौजेत इलेक्ट्रिशियनचं काम शिकून, पेन्शन घेऊन ते गावी आलेले. दारात माझ्या आधी आलेल्या मोटारी ओळीनं पडल्या होत्या. आमचा ऊस वाळत होता आणि मला घाई होती.

"परवा मिळंल," ते म्हणाले.

"उद्या पाहिजे."

"परवा."

मी बरंच बोललो. काय बोललो ते स्मरणिकेत छापता येणार नाही. ते खाली मान घालून मोटारीतल्या जळक्या तारा उपसत राहिले. माझं बोलून संपल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "उंची किती?"

"सहा फुटाला जरा कमी."

"राग बी तेवढाच हाय. संध्याकाळी ग्राउंडवर ये. मोटार परवाच मिळंल."

मी ग्राउंडवर गेलो. मोटार परवाच मिळाली.

माणसाचा गौरव साठीला किंवा पंचाहत्तरीला करायचा, अशी आपल्याकडं रीत आहे. सर्जेरावांना, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आप्पांना, यंदा चाळीस पूर्ण होत आहेत. आमच्या क्रीडा मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं तेव्हा काही ज्येष्ठांनी विचारलं की एवढी घाई कशाची. आमचे कप्तान नंदकुमार त्यावर म्हणाले, "बास्केटबॉलमधी चाळीस म्हंजे साठीच. इश्वास नसंल तर गुडघ्यांना इचारा." आप्पा यंदापासून खेळणं थांबवत आहेत, म्हणून हा प्रपंच. लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं, कारण संघात कॉलेजात मराठी विषय घेतलेला मी एकटाच. तो विषय मी पुरा केला नाही हे समितीला माहीत आहे.

आप्पांचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. वडिलांच्या काळात कळप गेला, थोडी जमीन आली. आप्पा अठराव्या वर्षी फौजेत भरती झाले आणि तिथं त्यांच्या हातात पहिल्यांदा हा चेंडू आला. पलटणीच्या संघातून ते देशभर खेळले. परत आले तेव्हा आमच्या मंडळाच्या सिमेंटच्या कोर्टवर लोक ज्वारी वाळत घालत. आप्पांनी ज्वारीवाल्यांशी भांडण केलं नाही. रोज सकाळी स्वतः ज्वारी गोळा करून एका कडेला ढीग लावायचे, खेळायचे, आणि जाताना पुन्हा पसरून ठेवायचे. आठवड्यातच ज्वारीवाल्यांना लाज वाटली आणि कोर्ट मोकळं झालं. फौजेतून आलेला माणूस गावात लवकर रुजत नाही. गावातले सोबती पांगलेले असतात, बोलण्यात निम्मी हिंदी येते. आप्पा रुजले ते त्या कोर्टवर. त्यांना सुपारीचंही व्यसन नव्हतं, पण संध्याकाळी कोर्ट चुकलं की दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांच्याशी कोणी बोलू नये.

त्या काळचा त्यांचा खेळ ज्यांनी पाहिला नाही, त्यांना तो सांगून कळायचा नाही. आपल्या रिंगखाली बॉल घ्यायचा, तिघांना चुकवत पलीकडं न्यायचा, उजव्या कोपऱ्यात थांबायचं आणि उडी मारून सोडायचा. बॉल हवेत असतानाच ते परत फिरलेले असत. पडला की नाही बघायची त्यांना गरज वाटत नसे. बाजाराच्या दिवशी सामना असला की लोक भाजीच्या पिशव्या घेऊन कडेला उभे राहत.

आपल्या भागाला खेळ म्हणजे कुस्ती. एक गडी, एक नाव, एक निकाल. बास्केटबॉलही लोक त्याच डोळ्यांनी बघायला येत. दोन्हीकडचे मिळून दहा जण पळताहेत हे त्यांना दिसायचं, पण लक्षात राहायचं ते एवढंच की टाकला कोणी. स्पीकरवर बसलेला माणूसही कुस्तीच्या मैदानातलाच. तो ओरडायचा, "कोळेकर... परत कोळेकर... अजून कोण असणार, कोळेकर." सामना संपला की सगळ्यात जास्त गुण टाकणाऱ्याला गावातल्या वडीलधाऱ्याच्या हातानं फेटा बांधायचा, ही बारामती-इंदापूरकडच्या सामन्यांची रीत. हरलेल्या संघाचा असला तरी फेटा त्यालाच. आप्पांच्या घरात फेटे इतके साठले की त्यांच्या पत्नी कुसुमवहिनींनी त्यातल्या दोन फेट्यांचा मुलीसाठी पाळणा केला.

आम्ही बाकीचे, म्हणजे कप्तान नंदकुमार, भाऊ नावाचा डावऱ्या हाताचा गडी, मी आणि बदलता पाचवा गडी, नवरदेवामागं वरात चालावी तसे आप्पांच्या मागं पळत असू. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आप्पा एकटे खेळत आणि आम्ही जिंकत असू. जिंकणाऱ्या संघात तक्रार करायला कोणी मोकळं नसतं.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात इंदापूरच्या अंतिम सामन्यात आम्ही हरलो. त्या सामन्याला माझ्या ओळखीचं एक माणूस घरच्यांबरोबर बघायला आलं होतं, त्यामुळं मला त्यातलं सगळं स्वच्छ आठवतं. आम्ही एका गुणानं मागं होतो आणि शेवटचे काही क्षण राहिले होते. आप्पांच्या हातात बॉल, अंगावर तिघं जण. भाऊ रिंगखाली एकटा उभा, दोन्ही हात वर करून. तो ओरडला, "आप्पा, हिकडं." नंदकुमार ओरडले. मीही ओरडलो. आप्पांनी तिघांच्या डोक्यावरून बॉल सोडला आणि सवयीनं परत फिरले. बॉल बोर्डाला लागून बाहेर गेला. शिट्टी झाली तेव्हा त्यांची रिंगकडं पाठ होती.

मग फेटा झाला. सामन्यातले सगळ्यात जास्त गुण आप्पांचेच होते. एका म्हाताऱ्या आबांनी थरथरत्या हातांनी सावकाश फेटा बांधला, आणि आप्पा तो बांधून घेईपर्यंत आम्ही चौघं टेम्पोत बसून राहिलो. बारामती येईपर्यंत टेम्पोत कोणी बोललं नाही. आप्पांच्या डोक्यावर फेटा तसाच होता. काढावा की ठेवावा हे बहुतेक त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टवर आप्पा सोडून कोणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ते आम्हाला शोधत एस्टी स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर आले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

नंदकुमार डेअरीत नोकरीला, स्वभावानं मवाळ. ते चहाच्या ग्लासात बघत राहिले. बोललो मीच. "आप्पा, तुमाला टीम लागत न्हाय. चार खांब हुबं केले तरी तुमचं चालंल. आमाला तुमच्यासंगं खेळायचं न्हाय." यापुढंही बोललो. त्यातला एकही शब्द मी आज मागं घेत नाही.

आप्पांनी भाऊकडं बघितलं. भाऊ एरवी बोलका. तो एवढंच म्हणाला, "मी एकटा हुतो हो तितं, रिंगखाली."

आप्पांनी चहा घेतला नाही. ते म्हणाले, "दिवाळीतल्या भवानीनगरच्या सामन्यापातुर मला ठिवा. त्येच्यानंतर तुमी न्हाय म्हणलात, तर मी पुन्यांदा बूट घालणार न्हाय."

त्यांचा शब्द फौजी होता. आम्ही नाही म्हणालो तर ते खरंच बूट घालणार नाहीत, आणि मग गावात त्यांना दुकानाशिवाय दुसरी जागा उरणार नाही, हे आम्हा चौघांनाही कळत होतं. नंदकुमारांनी मान डोलावली.

आषाढ लागला. आपल्याकडं चातुर्मासात लोक काही ना काही सोडतात. कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण. आप्पांनी बिरोबाच्या देवळात नारळ फोडला आणि शॉट सोडला. कार्तिकी एकादशीपर्यंत रिंगकडं बॉल टाकायचा नाही. आणि हे त्यांनी मनात ठेवलं नाही. दुकानात मोटार घेऊन येईल त्याला सांगितलं, म्हणजे सोडलेलं लपून मोडता येऊ नये. मोटारी दोन्ही तालुक्यांतून येत. महिनाभरात बारामतीपासून भवानीनगरपर्यंत झाडून सगळ्यांना माहीत झालं की जळोचीच्या कोळेकरांनी यंदा बास्केट सोडलं आहे.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. आप्पांचा पास काय असतो हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. भाऊला बॉल डाव्या खांद्याच्या उंचीवर लागतो, मी वळताना आधी उजवा पाय टाकतो, नंदकुमार दमले की अर्धं पाऊल मागं राहतात, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं ते आमच्याकडं बघत नाहीत असं आम्ही समजत होतो. बघत होते. द्यायचे नाहीत इतकंच. आता ते द्यायला लागले, आणि भाऊही सरावाच्या सामन्यांत आप्पांच्या बरोबरीनं टाकू लागला.

पण पावसाळा सरेपर्यंत दुसऱ्या संघांच्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसानं शॉट सोडला आहे त्याच्यावर गडी कशाला घालायचा? ते आप्पांना मोकळं सोडू लागले आणि त्यांचे पाच जण मिळून आम्हा चौघांना धरू लागले. आप्पा रिंगखाली एकटे, हातात बॉल, दोन हातांवर कोणी नाही, आणि ते मान वळवून आम्हाला शोधताहेत, असं चित्र दर सामन्यात दिसू लागलं. कडेची माणसं हसू लागली. कन्हेरीचाच एक जण ओरडला, "ओ आप्पा, वांगं खावा, आमी कुणाला सांगत न्हाय. पर येवढं टाका." आप्पांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला त्या हसणाऱ्याचा राग आला आणि आप्पांचाही आला. आधी ते सगळं एकटे करत होते. आता काहीच न करणंही ते एकटेच करत होते.

भवानीनगरचे सामने दिवाळीच्या सुमाराला होतात. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की तिकडचे निम्मे खेळाडू पाळीवर जातात, म्हणून उसाचं गळीत सुरू होण्याआधी ते उरकावेच लागतात. त्या वर्षी अंतिम सामना कार्तिकी एकादशीच्या जरा अलीकडं आला. पुढं ढकलायला नंदकुमार संयोजकांना भेटूनही आले. संयोजक म्हणाले, "ऊस थांबंल का तुमच्या एकादशीसाठी?"

सकाळी उपांत्य सामना झाला. तो आम्ही जिंकलो, पण कसा ते सांगण्यासारखं नाही. समोरच्या संघानं शेवटी दोन सोपे बॉल घालवले म्हणून जिंकलो. अंतिम सामना संध्याकाळी. मधल्या वेळात कुसुमवहिनी मुलीला घेऊन एस्टीनं आल्या होत्या. त्यांनी कारखान्याच्या कॉलनीतल्या चिंचेखाली डबे सोडले. भाकरी, पिठलं, ठेचा. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्यांनी आप्पांना विचारलं, "मघाशी तुमी रिंगखाली एकटंच हुबं हुता. बॉल तुमच्या हातात हुता. मग टाकला का न्हाय?"

"सोडलाय न्हवं का. तुला म्हाईत हाय."

"व्हय, मला म्हाईत हाय. समद्या मुलखाला म्हाईत हाय. म्हणूनच त्या पाच जणांनी ह्या चौघांना धरलं. उपास तुमचा, आन् उपाशी ही पोरं."

भाऊला ठसका लागला. आप्पा हसले नाहीत. "अगं, देवापुढं नारळ फोडलाय."

"देवानं मागितला हुता का? आधी समदं आपुनच टाकायचं, ह्ये तुमीच ठरवलं. मग काईच टाकायचं न्हाय, ह्ये बी तुमीच ठरवलं. ह्या पोरांना कवा इचारलंत?" एवढं बोलून वहिनींनी पिठल्याचं भांडं माझ्यापुढं सरकवलं, जणू विशेष काही झालंच नव्हतं.

आप्पा भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसून राहिले. मग कप्तानांकडं वळले. त्यांच्याबरोबर खेळायला लागल्यापासून मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. "नंदू, काय करू?"

नंदकुमार गोंधळले. आप्पांनी आपल्याला काही विचारावं याची त्यांना सवयच नव्हती. "मोकळं असाल तर टाका," ते म्हणाले. "नसाल तर द्या. येवढंच हाय की."

"आन् देवाचं?"

"पाप लागलं तर पाच जणांत वाटून घिऊ," भाऊ म्हणाला. "माझ्या वाटणीचं मी आत्ताच घितो. ठेचा द्या हिकडं."

आप्पांनी भाऊला ठेचा वाढला.

संध्याकाळचा संघ कारखान्याच्या कामगारांचा. दणकट गडी, सगळे ओळखीचे. त्यांनीही आप्पांना मोकळं सोडलं होतं. पहिल्या अर्ध्या भागात आप्पांनी एकदाही रिंगकडं बघितलं नाही. माझं डोकं तापत चाललं होतं. त्यांच्या हातात बॉल आला की माझ्या तोंडून आपोआप "टाका" निघायचं, आणि बॉल माझ्याच हातात यायचा. तरी आम्ही टिकून होतो. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागं. बॉल आमच्याकडं.

नंदकुमारांनी तो आप्पांना दिला. आप्पा उजव्या कोपऱ्यात उभे होते, त्यांच्या जुन्या जागेवर. त्यांच्यासमोर कोणी नव्हतं. सगळ्यात जवळचा गडीही त्यांच्याकडं पाठ करून मला धरून उभा होता. आप्पांनी भाऊकडं बघितलं. भाऊवर दोघं होते. नंदकुमारांकडं बघितलं, तिथंही एक जण. माझ्याकडं बघितलं. मी या वेळी ओरडलो नाही.

त्यांनी उडी मारून बॉल सोडला.

स्पीकरवाल्याला नाव घ्यायचंही सुचलं नाही. बॉल रिंगच्या आतल्या कडेला लागला, फिरला, आणि बाहेर पडला. या वेळी आप्पा परत फिरले नव्हते. बॉल खाली पडेपर्यंत बघत होते, आणि पडल्याबरोबर त्याच्यामागं धावलेही. पण शिट्टी झाली. एका गुणानं हरलो.

मला वाचकांना एवढंच सांगायचं आहे की इंदापूरला आणि भवानीनगरला घडलं ते एकच. एक गुण मागं, शेवटचा बॉल, आप्पांचा हात, आणि हार. कागदावर दोन्हींत काही फरक नाही.

आप्पा बॉल उचलून तिथंच उभे राहिले. नंदकुमार त्यांच्याकडं गेले. मी मागंच होतो, त्यामुळं ऐकलं.

"आप्पा, शॉट बरोबर हुता."

"गेला न्हाय."

"न्हाय गेला. पर बरोबर हुता."

परतीच्या टेम्पोत सगळे एकदम बोलत होते. भाऊ म्हणाला, "चार महिनं घरात ठिवलेली सायकल बी पयल्या दिशी चालत न्हाय, आप्पांचा हात कसा चालंल?" पाचवा गडी म्हणाला की देवानंच बॉल बाहेर काढला, सोडलेली वस्तू परत कशाला घेता म्हणून. मी म्हणालो की देवाला एवढा वेळ असता तर पंच बदलून दिला असता. वहिनी पुढं ड्रायव्हरजवळ मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मागं न बघता त्या म्हणाल्या, "हरून आलाय का जिंकून, तेवढं कुनीतरी सांगा. कळंना झालंय."

निम्मी वाट सरली तेव्हा आप्पांनी विषय काढला. "मंग? माझं काय ठरलं?"

"कशाचं?" नंदकुमार म्हणाले.

"बुटाचं."

आम्ही कोणी त्यावर वेगळं बसून बोललो नव्हतो, एकमेकांकडं बघितलंही नव्हतं. भाऊच बोलला. "उद्या सकाळी सहाला या. गंज उतरवायचाय तुमचा."

आप्पा खिडकीबाहेर बघू लागले. जळोचीच्या फाट्यावर उतरेपर्यंत त्यांनी तोंड आत वळवलं नाही.

मोडलेल्या नेमाबद्दल त्यांनी बिरोबापुढं जाऊन काय सांगितलं, हे मी नंतर विचारलं होतं. म्हणाले, "पोरांनी मागितला, दिला, आसं सांगितलं." एकादशीपर्यंतच्या राहिलेल्या दिवसांसाठी त्यांनी बदली म्हणून चहा सोडला. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणं चहा सोडण्यापेक्षा शॉट सोडलेला बरा होता.

त्यानंतरची तीन वर्षं मी आप्पांबरोबर खेळलो. त्या काळात ते कधी भरपूर टाकत, कधी अख्ख्या सामन्यात एकही नाही. घरी जाताना कोणी विचारलं, "आप्पा, आज किती टाकले?" तर ते थांबून आठवायला लागत आणि मग म्हणत, "आपुन जिंकलो की." जुन्या प्रेक्षकांना हे रुचलं नाही. आप्पा उतरले, असं म्हणणारे ज्येष्ठ आजही मंडळात आहेत, आणि त्यांतले काही या स्मरणिकेच्या समितीवरही आहेत. त्यांच्या मताचा आदर ठेवून मी एवढंच नोंदवतो की या तीन वर्षांत भाऊला आणि मला फेटे मिळाले, आणि ते मिळताना टेम्पोत जाऊन बसावं असं कोणालाही वाटलं नाही.

माझ्या रागाचा आप्पांना वेळोवेळी त्रास झाला. एकदा मी पंचांच्या अंगावर धावून गेलो. पंचांनी मला बाहेर काढलं. आप्पांनी कप्तानांना खूण केली आणि स्वतःही बदली गडी मागून बाहेर आले, माझ्या शेजारी बाकावर बसले. मी म्हणालो, "तुमाला कुणी काढलंय?" ते म्हणाले, "कुणी न्हाय. तापलेली मोटार एकटी सोडायची नसती." सामना हातचा गेला असता, पण ते पाच मिनिटं उठले नाहीत. मी गार झाल्यावर मगच गेले.

आणखी एक प्रसंग लिहिला नाही तर हा लेख अपुरा राहील. इंदापूरला सामना बघायला आलेल्या ज्या माणसाचा मी वर उल्लेख केला, तिचं लग्न दुसरीकडं ठरलं. साखरपुड्याच्या दिवशी मी इंदापूरला जायचं ठरवलं होतं. जाऊन काय करणार होतो हे मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं, पण बरं काही करणार नव्हतो. एस्टी पकडायच्या आधी आप्पांच्या दुकानावरून गेलो, कारण रस्ता तोच. त्यांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघितलं आणि एक उघडी मोटार पुढं सरकवली. "जरा हात लाव. येवढे वेढे घाल. तार ढिली सोडू नको, न्हाईतर माझं नाव जाईल." मी आयुष्यात कधी मोटार भरली नव्हती. ते शेजारी बसून दाखवत राहिले. मी दोनदा चुकलो, दोनदा त्यांनी तार उसवायला लावली. इंदापूरबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, मीही नाही. शेवटचा वेढा बसला तेव्हा ऊन उतरलं होतं.

"एस्टी गेली का?" त्यांनी विचारलं.

"कवाच गेली."

"मग चल, भाकरी खा."

ती मोटार कोणा शेतकऱ्याची होती हे मी विचारलं नाही. ती अजून चालते असं आप्पा सांगतात. मी हल्ली त्यांच्याच दुकानात काम करतो. कॉलेजात परत जा असं ते वर्षातून एकदा, जून महिन्यात म्हणतात, आणि मी ऐकून घेतो. इंदापूरच्या मोटारी आल्या की त्या आप्पा स्वतः पोचवायला जातात. मला पाठवत नाहीत.

यंदापासून आप्पा कोर्टवर खेळाडू म्हणून उतरणार नाहीत. मंडळानं त्यांच्याकडं संघाची निवड सोपवली आहे. कोणाला घ्यायचं, कोणाला बसवायचं, हे पुढच्या हंगामापासून तेच ठरवतील. नंदकुमारांचं वजन वाढलं आहे, भाऊचं लग्न झालं आहे, आणि माझं डोकं अजून म्हणावं तसं थंड झालेलं नाही. जळोचीची नवी पोरं आमच्यापेक्षा जोरात पळतात, हे आप्पांना आमच्याइतकंच दिसतं.

आप्पांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्यांचे गुडघे, नजर आणि दुकान चालू राहोत. वहिनींचा त्यांच्यावरचा धाक असाच टिको. अजून पुष्कळ वर्षं त्यांनी संध्याकाळी कोर्टच्या कडेला उभं राहून संघ निवडावा. निवडताना त्यांनी आमची गय करू नये. आम्ही त्यांची केली नव्हती.